पातळ अ‍ॅल्युमिनियम पट्टीला भट्टीचा जुना चार्ट का चालत नाही

वागळे इस्टेटपासून रबाळे, तळोज्यापर्यंत अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो की भट्टीचा टेम्परेचर-टाइमचा चार्ट (किती अंशांवर किती वेळ तापवायचं ते) एकदा बसला की त्या ग्रेडच्या, म्हणजे त्याच मिश्रणाच्या, कुठल्याही कॉइलला (गुंडाळलेल्या पत्र्याला) चालेल. नाही चालत. कॉइल ओतली कशी यावर खूप काही ठरतं.

यात दोन गोष्टी एकत्र येतात, भट्टी आणि ओतकाम. भट्टीच्या बाजूने सुरुवात १९०६ ला, जर्मनीत. आल्फ्रेड विल्म तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम तापवून पाण्यात विझवत होता, आणि त्याला दिसलं की विझवल्यावर लगेच नाही तर नुसतं ठेवून दिल्यावर काही दिवसांत धातू कडक होतो! त्यातून ड्युरालुमिन हा कडक मिश्रधातू आला. असं का होतं ते मेरिका वगैरे संशोधकांनी १९१९ ला मांडलं, की गरम असताना अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळलेला दुसरा धातू थंड झाल्यावर मावत नाही, मग आतल्या आत बारीक कण तयार होतात.

ओतकामाची गोष्ट वेगळीच चाललेली. दोन फिरत्या रोलमध्ये थेट पातळ पत्रा ओतायची आयडिया बेसेमरची, १९ व्या शतकातली, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये ती धंद्याला लागली १९५० च्या दशकात, कॅलिफोर्नियात हंटर कंपनीच्या मशीनवर. आत पाणी खेळवलेल्या रोलमधून साधारण ६ मिमीची पट्टी बाहेर येते, हॉट रोलिंगची (गरम असताना रोलखाली दाबून पातळ करायची) गरजच नाही, खर्च एकदम कमी.

आणि इथेच खरी गंमत आहे, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो. नेहमीच्या पद्धतीने ओतलेली जाड स्लॅब (लादी) हळू थंड होते, पट्टी सेकंदाला शेकडो अंशांनी, त्यामुळे ३००३ मधलं (हा मँगनीज घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा ग्रेड) मँगनीज बाहेर पडायच्या आतच धातूत विरघळलेलं अडकून बसतं. अशी पट्टी रोल करून सरळ सावकाश अ‍ॅनील केली (मऊ करायला भट्टीत तापवली) की नेमक्या नवे ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिक, बनायच्या वेळेला मँगनीजचे अतिबारीक कण सुटतात आणि त्या ग्रेनना अडवतात. मग मोजकेच ग्रेन वाढतात, मोठे होतात, आणि पत्रा दाबून आकार दिला की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. ऑपरेटर म्हणतो भट्टी बरोबर होती, आणि ती असतेही.

म्हणून पट्टी आधी ५०० अंश सेल्सिअसच्या वर कित्येक तास सोक करतात (भट्टीत तापलेली ठेवतात) म्हणजे कण आधीच सुटून मोठे होतात आणि नंतर ग्रेनना अडवत नाहीत, मग कोल्ड रोलिंग (न तापवता रोल करणं), मग शेवटचं अ‍ॅनीलिंग.