‘इतर’च्या रकान्यात काय दडलंय?

फोनवर ग्राहक सांगतो, “मशीन चालतं हो, पण ओल्या हातानं बटण लागतच नाही.” फोन घेणारीला नेमकं कळतं, कारण या आठवड्यातला हा असा चौथा फोन. तिच्या स्क्रीनवर मात्र पर्याय तीनच: बिघाड, बिल, इतर. ती ‘इतर’ निवडते आणि पुढचा फोन घेते. महिनाअखेरीला साहेबांना दिसतो तो ‘इतर’चा उंच खांब. बटणाची गोष्ट तिच्या डोक्यातच राहते आणि तिनं नोकरी सोडली की तिच्याबरोबर जाते.

ही गळती थांबवण्याच्या शास्त्राला ज्ञान व्यवस्थापन असं जडशीळ नाव आहे. बऱ्याच कंपन्या त्याचा अर्थ ‘एक सॉफ्टवेअर विकत घ्या’ असा लावतात. पण जे शब्दांतच येत नाही, ते सॉफ्टवेअरमध्ये कुठून येणार? अशा ज्ञानाला रसायनशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९६०च्या दशकात ‘अव्यक्त ज्ञान’ म्हटलं. सायकलचा तोल कसा सांभाळता, हे सांगून बघा. ग्राहकाचंही तसंच असतं. गैरसोय अंगवळणी पडली की ती त्याला सांगण्याजोगी वाटतच नाही.

मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर १९८०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर हिंडले. मानववंशशास्त्रज्ञाचं कॉपी मशीनपाशी काय काम, असं वाटेल. पण त्यांना दिसलं ते हे: कंपनीची जाडजूड माहितीपुस्तिका अवघड बिघाडाला पुरत नव्हती. खरी विद्या जेवताना, कॉफी पिताना सांगितलेल्या किश्शांतून एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. शिवाय कित्येकदा दुरुस्त करायचं असायचं ते यंत्र नव्हे, तर वापरणारा आणि यंत्र यांच्यातला गैरसमज. म्हणजे ग्राहकाला काय अडतंय, हे त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसणाऱ्या माणसाला ठाऊक होतं आणि कंपनीच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं.

पुढे १९९०च्या दशकात झेरॉक्सनं ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञानं आपली युक्ती लिहायची, इतर तंत्रज्ञांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. माझ्या मते यातली सर्वांत हुशारीची गोष्ट संगणकात नव्हतीच. प्रत्येक युक्तीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असायचं.