‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे नेमका कुणाचा?

एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा पहिला अंदाज आला की आपल्याकडच्या कृषी केंद्रांवर बियाण्यांच्या भावासोबत सरासरीच्या किती टक्के पाऊस पडणार, याचीही चर्चा रंगते. हा आकडा अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर मिळून असतो, हे मात्र त्या चर्चेत कुणी सांगत नाही.

१८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि त्यानंतर हुकलेले पावसाळे यांतून १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं. पाठोपाठ १८७६-७८ चा महादुष्काळ आला आणि सरकारने विचारलं, पाऊस आधी सांगता येतो का? खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ पाहून ताडायला सुरुवात केली. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा होता. १८८६ पासून असे अंदाज नियमित निघू लागले. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. पॅसिफिकच्या एका बाजूला दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, हे त्यांना दिसलं. दर उन्हाळ्यात कानावर येणाऱ्या एल निनोशी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याशी, त्याची सांगड १९६० च्या दशकात जेकब बर्कनेस यांनी घातली.

१९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांचं सूत्र बांधलं. बरीच वर्षं त्याचा बोलबाला होता. २००२ साली ते तोंडावर आपटलं. अंदाज सरासरीचा होता, पण जुलैमध्ये निम्माच पाऊस पडला आणि हंगाम १९ टक्के तुटीत गेला. पुढे सूत्रं बदलली, नंतर समुद्र आणि हवा एकत्र धरून महासंगणकावर आकडेमोड होऊ लागली.

मोजपट्टीही बदलत आली आहे. आज सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटीमीटर. त्याआधी १९६१ ते २०१० ची धरत, ती ८८ होती. २०१६ पासून खात्याने ‘दुष्काळ’ हा शब्दच आपल्या वर्णनातून काढला. आता पाऊस फक्त ‘अपुरा’ असतो. दुष्काळ जाहीर करणं हे राज्य सरकारचं काम.

खरी गंमत पुढेच आहे. देशासाठी ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सरासरीइतका’. जिल्ह्यासाठी मात्र उणे १९ पासून अधिक १९ पर्यंत सगळं त्याच खान्यात. म्हणजे जिल्ह्यात ८१ टक्के पडला तरी कागदावर सगळं ठीक! आणि सरासरी तरी एक कुठाय? बुलढाण्याची सातशे मिलिमीटरच्या आसपास, गडचिरोलीची बाराशेच्या वर.

त्यात बेरजेला तारखा नसतात. पेरणीनंतर तीन आठवडे पाणी नाही, सोयाबीन करपलं, दुबार पेरणी झाली आणि मग जुलैअखेर आठ दिवसांची झड लागली, तर बेरीज भरून निघते. पराटी पिवळी पडली, हे त्या बेरजेत येत नाही. नुकसानभरपाई ठरते तीही वेगळ्या मापाने: महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. मापक मंडळाच्या गावी, वावर पाच-सात कोस दूर. तिकडे ६० भरला आणि इकडे धुरा वाहून गेला, तर तलाठ्याकडे खेटे घालणं आलंच.

पेरणी करावी की थांबावं, हे एप्रिलच्या टक्क्यांवरून ठरत नाही. त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला पाहावा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय तिफण काढू नये.