मीठ, मोसंबी आणि क्रिएटिनिन

उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातून आलेल्या माणसाला गळाल्यासारखं झालं की डॉक्टरांपुढे पहिली मागणी ठरलेली: ‘एक सलाईन लावा.’ नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात खायचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन हवंच. पण नुसत्या अशक्तपणासाठी, आणि तेही किडनी अधू असलेल्याला? हे जास्तीचं मीठ पाणी धरून ठेवतं. पाय सुजतात, बीपी चढतं, दम लागतो.

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि जवळपास सगळा रक्तात परत घेतात. लघवी होते ती दीड-दोन लिटर. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात. गेलेली गाळणी नव्याने तयार होत नाही, उरलेल्या जास्त काम ओढतात. म्हणूनच निम्मी ताकद जाईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनी बाहेर टाकते तो कचरा) ‘नॉर्मल’ दिसू शकतं. शुगर किंवा बीपी असणाऱ्याने वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही तपासावं. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर आजार जुनाट म्हणायचा.

मग पथ्य. ज्वारीची भाकरी बिचारी निर्दोष. मीठ असतं ते तिच्या शेजारी. ठेचा, लोणचं, पापड, शेव. काही जण साध्या मिठाऐवजी सैंधव घेतात, पण तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मीठ तर या रुग्णांना जास्त धोक्याचं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

इथेच जालन्याची मोसंबी आडवी येते. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण मोसंबी आणि शहाळं नेतो, आणि पोटॅशियम वाढलेल्याला नको असतात नेमकी तीच. मात्र रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर फळं उगाच तोडू नयेत. ते वाढलं असेल तर बटाट्यासारखी भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. सत्त्व जातं म्हणून जीव हळहळतो, पण इथे तेच घालवायचं असतं.

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मुतखड्याचा आहे. सूज असेल, लघवी कमी होत असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवावं. डाळीचंही तसंच. डायलिसिसआधी प्रथिनं बेताची, साधारण वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम, डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवायची, १ ते १.२ ग्रॅम. शेजारच्याचा डाएट चार्ट म्हणूनच चालत नाही.

पथ्यापेक्षा जास्त नुकसान कधीकधी मेडिकलमधून आणलेली कंबरदुखीची गोळी करते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांच्यामुळे किडनीचा रक्तपुरवठा घटतो. ऊसतोडीला जाणारा माणूस दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन रात्री अशी गोळी घेतो, तेव्हा दोन्ही मार एकदम बसतात. धातूंची भस्मं असलेली औषधंही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

उलट टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या किडनी वाचवायलाही देतात. डॅपाग्लिफ्लोझिन मूळ शुगरचं औषध. शुगर नसलेल्यांतही ते किडनीचा ऱ्हास मंदावतं, हे २०२० मधल्या मोठ्या चाचणीत दिसलं. जुलाब-उलट्या लागल्या तर यांतल्या कोणत्या गोळ्या दोन दिवस थांबवायच्या, हे आधीच विचारून ठेवावं.

ईजीएफआर १५ च्या जवळ येऊ लागला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचं बोलणं सुरू होतं. डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा जोड, करतात आणि तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. त्यामुळे कोणता हात राखायचा ते डॉक्टरांना आधीच विचारावं, बहुधा डावा, आणि त्या हाताला सुई, सलाईन, बीपीचा पट्टा यांतलं काही लावू देऊ नये.