पार्श्वभूमी : राज्यसेवेतला ‘वर्णनात्मक’ हा शब्द नेमका कुठून आला?

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड भागातल्या अभ्यासिकांत आधीच्या मुलांनी मागे ठेवलेल्या पुस्तकांचे एखादे कपाट असते. सध्या अशा कपाटात राज्यसेवेची, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) अधिकारी निवडीच्या परीक्षेची, दोन वेगळी रूपे शेजारी नांदतात. वरच्या फळीवर ‘मानव संसाधन विकास व मानवी हक्क’ची जाडजूड पुस्तके, समित्या-आयोगांचे तक्ते, सरावाच्या ओएमआर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकांची चळत. खालच्या फळीवर समास आखलेल्या कोऱ्या उत्तरपुस्तिका आणि नीतिशास्त्राच्या नोट्स. वरच्या फळीचे काम 2024 च्या परीक्षेबरोबर संपले, खालचीचे 2025 च्या परीक्षेपासून सुरू झाले. पर्याय निवडण्याऐवजी उत्तरे लिहून द्यायची, हा बदल सगळे ‘आता वर्णनात्मक आलं’ एवढ्या तीन शब्दांत सांगतात. घोळ त्या मधल्या शब्दात आहे.

लंडनमधली 1855 ची सनदी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा, 1922 पासून भारतातही झालेली तिची सोय, 1935 च्या कायद्यानंतर 1937 मध्ये आलेला प्रांतिक आयोग आणि 1 मे 1960 पासूनचा आजचा आयोग हे टप्पे पूर्वपरीक्षेच्या एखाद-दुसऱ्या प्रश्नापुरते लक्षात ठेवावेत. आजच्या तयारीची घडण त्यातून कळत नाही. ती कळायला 2012 पासून सुरुवात केलेली बरी.

त्याआधी मुख्य परीक्षेला दोन वैकल्पिक विषय असत आणि त्यांची उत्तरे लिहून द्यावी लागत. अमुक विषयाला गुण सढळ पडतात, तमुक विषयाचा परीक्षक हात आखडता घेतो, ही तक्रार दरवर्षीची. 2012 मध्ये वैकल्पिक विषय काढून टाकले गेले आणि सामान्य अध्ययनाचे प्रत्येकी 150 गुणांचे चार बहुपर्यायी पेपर सर्वांना सारखे झाले. ते 600, मराठी-इंग्रजीचे 200, असे लेखी 800; मुलाखत 100; एकूण 900. पहिला पेपर इतिहास, भूगोल आणि त्यातच कृषी. दुसरा राज्यघटना, राजकारण व कायदे. तिसरा मानव संसाधन विकास व मानवी हक्क, चौथा अर्थव्यवस्था आणि विज्ञान-तंत्रज्ञान. कृषीवरून बरीच कुरकुर झाली. निफाड-दिंडोरीच्या मुलाला द्राक्षाची छाटणी ठाऊक असते, पण पेपरात मातीचा सामू आणि सिंचनाच्या पद्धतींचे वर्गीकरण आले की शेतातला अनुभव बाजूला राहतो आणि कृषी पदवीधर पुढे निघतो.

या आराखड्याने तयारीची एक ठरावीक सवय लावली. एका ओळीत मावेल तेवढेच ज्ञान. कलम क्रमांक, वर्ष, समितीचा अध्यक्ष, योजनेचा निधी. ‘खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत’ या साच्यात बसवता येणारी माहिती. या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून हिणवणे सोपे आहे, पण तिचा एक मोठा गुण क्वचितच कोणी बोलून दाखवतो. सुरगाणा, पेठ किंवा नांदगावहून आलेल्या मुलाला ती एकट्याने करता येत होती. राज्य मंडळाची पाचवी ते बारावीची पुस्तके, प्रत्येक विषयाचे एक संदर्भपुस्तक, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि आयोगाची उत्तरतालिका. आपले उत्तर बरोबर की चूक हे रात्री अकरा वाजता कोणालाही न विचारता तपासता येत होते.

दुखणे उत्तरतालिकेतच होते. आधी पहिली तालिका, मग उमेदवारांच्या हरकती, मग अंतिम तालिका. त्या प्रवासात काही प्रश्न रद्द होत, काहींची उत्तरे बदलत. कट-ऑफच्या आसपास पाव-अर्ध्या गुणाला किंमत असल्यामुळे एका प्रश्नावरून निवड हुकू शकते, आणि मग वाद न्यायालयाच्या दारात जातो. दोन मान्य पुस्तकांत दोन वेगळी उत्तरे असतील तर बहुपर्यायी पेपरला त्यावर इलाज नाही.

2013 पासून पूर्वपरीक्षाही बदलली. 200 गुणांच्या सामान्य अध्ययनाच्या जोडीला 200 गुणांची सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि गणिताची चाचणी आली. सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न दोन-दोन गुणांचे, सीसॅटचे 80 प्रश्न अडीच-अडीच गुणांचे, वेळ प्रत्येकी दोन तास. दोन्हींची बेरीज गुणवत्तेला धरली जाई, त्यामुळे गणित आणि उताऱ्यात चपळ असलेला अभियांत्रिकीचा पदवीधर इतिहासात कच्चा असूनही वर येई. केंद्रीय (यूपीएससीच्या) परीक्षेने 2015 मध्येच सीसॅट पात्रतेपुरती ठेवली. राज्यात तो निर्णय व्हायला 2022 उजाडले. आता 33 टक्के, म्हणजे 66 गुण पुरतात. ‘पुरतात’ म्हणून तो पेपर सोडून देणारे मात्र दरवर्षी बुडतात. 33 बरोबर आणि 30 चूक आले तर बरोबरचे 82.5, चुकांचे वजा 18.75, हातात 63.75 आणि खेळ खलास. बरोबर 35 असते तर 68.75 मिळून गडी पार. सीसॅटमध्ये कमी प्रश्न सोडवल्यामुळे नापास होण्यापेक्षा शेवटच्या दहा मिनिटांत अंदाजे गोल भरल्यामुळे नापास होणे जास्त सोपे आहे.

हा हिशेब चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक चतुर्थांश वजा धरून केला आहे. आधी एक तृतीयांश वजा होत. 2021 मध्ये ते एक चतुर्थांश झाले. फरक किरकोळ वाटतो, पण डोळे मिटून ठोकलेल्या उत्तराची सरासरी किंमत जुन्या नियमात बरोबर शून्य होती, नव्या नियमात दोन गुणांच्या प्रश्नामागे ती 0.125 ने वर जाते. चारपैकी एक पर्याय खात्रीने खोडता आला तर ती 0.33 होते, जुन्या नियमात 0.22 होती. ‘येत नसेल तर सोडून दे’ हा जुन्या मुलांचा सल्ला त्यांच्या काळात योग्य होता. आज तो तसाच पाळणारा सामान्य अध्ययनात आठ-दहा प्रश्नांची संधी फुकट घालवतो. पात्रतेची रेघ हातात आल्यावर सीसॅटमध्ये मात्र तोच सल्ला अजून खरा आहे.

मधल्या काळातला आणखी एक निर्णय कपाटापेक्षा खुर्च्यांवर जास्त दिसला. 2016 मध्ये वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 33 वरून 38 आणि मागासवर्गीयांसाठी 38 वरून 43 झाली. करोनानंतर 2023 च्या अखेरपर्यंत आणखी दोन वर्षांची सूट मिळाली. बाविशीचा आणि अडतिशीचा उमेदवार एकाच टेबलावर बसू लागला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे आणि ते 1989 पासून चालू आहे, त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेले, नोकरी करत पदवी घेतलेले उमेदवार या जिल्ह्याला नवे नाहीत. ही पदवी राज्यसेवेला चालते. शेवटच्या वर्षाला असतानाही पूर्वपरीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेच्या अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत निकाल हातात असावा लागतो. निकाल लांबला तर पूर्व उत्तीर्ण होऊनही वर्ष जाते.

आता मूळ निर्णयाकडे. जून 2022 मध्ये आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे जाहीर केले, तेही 2023 च्या परीक्षेपासून. नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी 300 गुणांचे, पण 25 टक्क्यांच्या पात्रतेपुरते. निबंध 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर (त्यांतला एक नीतिशास्त्राचा) प्रत्येकी 250, एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी 250. गुणवत्तेला धरायचे 1750, मुलाखत 275, एकूण 2025. हा केंद्रीय परीक्षेचाच साचा आहे, आकड्यांसकट. हेतूही तोच सांगितला गेला : राज्यातली मुले एकाच अभ्यासात दोन्ही परीक्षा देऊ शकतील.

विरोध नेमका कशाला होता, हे आज सांगताना गुंडाळले जाते. 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात रस्त्यावर बसलेल्या बहुसंख्य मुलांची मागणी ‘वर्णनात्मक नको’ अशी नव्हती, ‘2025 पासून करा’ अशी होती. वस्तुनिष्ठ, म्हणजे बहुपर्यायी, पद्धतीची तीन-चार वर्षे मुरलेली तयारी वर्षभरात उलटी करायला सांगणे अन्यायाचे होते, यात फारसा वाद नसावा. दुसरी बाजूही होती. केंद्रीय परीक्षा देऊन झालेल्या, लेखनाचा सराव असलेल्या उमेदवारांना बदल लगेच हवा होता, आणि त्यांचा मुद्दा अगदी पोकळ नव्हता : सूचना देऊन पाळायची नाही, तर द्यायची कशाला? फेब्रुवारीच्या अखेरीस आयोगाने 2025 मान्य केले. निर्णयाची दिशा बरोबर आणि घाई चुकीची होती, असे म्हणायला जागा आहे. पण मिळालेल्या दोन वर्षांत अनेकांनी जुनीच वस्तुनिष्ठ मुख्य पुन्हा दिली आणि लिहिण्याला हात घातला नाही, हेही तितकेच खरे.

इथे शब्दाचा घोळ सुरू होतो. 2012 पूर्वी पद मिळवलेले अधिकारी व्याख्यानात सांगतात, ‘आमच्या वेळचंच परत आलं.’ तसे ते नाही. तेव्हा वैकल्पिक विषय दोन होते, आता एक. 250 गुणांचा स्वतंत्र निबंध आणि नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर ही तर नवीच भर आहे. दुसरा घोळ असा की वस्तुनिष्ठ म्हणवल्या जाणाऱ्या काळातही मराठी-इंग्रजीचा 100 गुणांचा एक पेपर लिहायचाच होता : निबंध, सारांश, भाषांतर. आयोगाच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘पारंपरिक/वर्णनात्मक’ असेच छापलेले असे. तो पेपर चांगला गेला म्हणून ‘आपल्याला वर्णनात्मक जमतं’ असा समज करून घेतलेले पुष्कळ भेटतात. सारांश लिहिणे आणि ‘चर्चा करा’ला उत्तर लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मजकूर समोर असतो, दुसऱ्यात तो डोक्यातून काढून, निवडून, क्रम लावून मांडायचा असतो.

केंद्रीय परीक्षेतल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर कामाचा अंदाज येतो. तीन तास, 20 प्रश्न, दहा 150 शब्दांचे, दहा 250 शब्दांचे. एकूण 4000 शब्द, मिनिटाला 22, तेही एकदाही न थांबता. विचाराचा वेळ धरूनच 150 शब्दांचे उत्तर सहा-सात मिनिटांत आटपावे लागते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीत 150 शब्द घेणारा मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. पण जोडाक्षरे, वेलांट्या, रफार हाताला वेग घेऊ देत नाहीत. वस्तुनिष्ठच्या काळात पेन फक्त गोल काळे करायला वापरलेल्या मुलाचा हात दुसऱ्या तासाला दुखू लागतो, आणि शेवटच्या तीन-चार उत्तरांत प्रस्तावना उरते, मुद्दे उरत नाहीत. आधी घड्याळ न लावता रोज दोन उत्तरे, महिन्याने घड्याळ लावून चार, मग आठवड्यातून एक पूर्ण तीन तासांचा पेपर : हा क्रम उलटा केला की मुले पंधरा दिवसांत सराव सोडतात.

खरी टंचाई आता पुस्तकांची नाही, तपासणाऱ्याची आहे. उत्तर बरोबर की चूक हे कपाटातले पुस्तक सांगू शकत नाही. पुण्यात पैसे मोजून उत्तरे तपासून मिळतात, नाशिकमध्येही काही वर्ग ते करू लागले आहेत. पण पुष्कळदा उत्तरपुस्तिका परत येते ती समासात ‘छान’, ‘मुद्दे वाढवा’, ‘10 पैकी 4’ एवढेच घेऊन. त्यातून काही कळत नाही. उपयोगाचा शेरा असा असतो : प्रश्नात ‘परीक्षण करा’ होते, तुम्ही फक्त कारणे दिली, तिसरा मुद्दा पहिल्याचाच आहे, राज्याचे एकही उदाहरण नाही. राज्याचे उदाहरण हा नव्या अभ्यासक्रमातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. केंद्रीय परीक्षेच्या नोट्स जशाच्या तशा मराठीत आणल्या की स्थलांतरावरच्या उत्तरात बिहार येतो, पेठ-सुरगाण्यातून द्राक्षबागांच्या कामाला निफाडकडे जाणारी कुटुंबे येत नाहीत. सहकारावरच्या उत्तरात आणंद येते, लासलगावची बाजार समिती दारात असून शेतमालाच्या भावाच्या उत्तरात येत नाही.

वर्गांच्या जाहिरातींनी आणखी एक गुंता वाढवला आहे, तो ‘संयुक्त’चा. 2017 पासून फौजदार, विक्रीकर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी यांची पूर्वपरीक्षा एकत्र झाली आणि तिला सगळे ‘कंबाईन’ म्हणू लागले. फौजदारांचे प्रशिक्षण नाशिकलाच होते, त्यामुळे इथे या परीक्षेचे आकर्षण जरा जास्त. पुढे 2023 पासून राज्यसेवेची पूर्वपरीक्षाही वन, अभियांत्रिकी अशा इतर राजपत्रित सेवांबरोबर ‘संयुक्त’ झाली. शब्द तोच, परीक्षा वेगळी. पूर्व एक असली तरी मुख्य परीक्षा सेवेनुसार वेगवेगळ्या असतात, म्हणून अर्जात कोणकोणत्या सेवांसाठी पसंती नोंदवली आहे हे छापून ठेवलेले बरे.

वर्षांचेही तसेच. नावातले वर्ष आणि पेपरचे वर्ष जुळेलच असे नाही. 2020 ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलत ढकलत 21 मार्च 2021 ला झाली. 2024 ची एप्रिलपासून सरकत 1 डिसेंबर 2024 ला, आणि तिची मुख्य, म्हणजे शेवटची वस्तुनिष्ठ मुख्य, 2025 मध्ये. ‘2025 पासून वर्णनात्मक’ असूनही 2025 मध्येच एक बहुपर्यायी मुख्य कशी झाली, याचे उत्तर इतकेच. 2025 ची पूर्वपरीक्षा 28 सप्टेंबरला होती. अतिवृष्टी आणि पुरामुळे ती 9 नोव्हेंबरवर गेली. जाहिरात 385 पदांची होती, त्यांतली राज्यसेवेची 127. बाकीची वनसेवा आणि स्थापत्य अभियांत्रिकीची.