तुरटी फिरवली, पण जंतूंचं काय?

मे महिन्यात टँकरचं पाणी हंड्यात पडतं ते बिनदुधाच्या चहासारखं. तुरटीचा खडा चार-पाच वेढे फिरवला की तासाभरात वरचं पाणी नितळ होतं, आणि घोळ तिथेच होतो. निवळलेलं पाणी शुद्ध समजून लोक पितात. तुरटी गाळ बसवते. जंतू मारायचं काम क्लोरीनचं.

मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं, मग कणांचे पुंजके होऊन तळाला बसतात. त्यांच्यासोबत बरेच जंतूही खाली जातात, पण मरत नाहीत. हंडा हलला की पुन्हा वर. म्हणून तळाची चार बोटं सोडून वरचंच पाणी संथपणे, चौपदरी फडक्यातून ओतून घ्यायचं. खडा जास्त फिरवल्याने पाणी जास्त निवळत नाही, नुसतं तुरट लागतं.

क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकायची ती यानंतर. गढूळ पाण्यात आधी क्लोरीन घातलं तर ते गाळातल्या कचऱ्यावरच खर्च होतं आणि मातीच्या कणांआड दडलेले जंतू सुटतात. किती लिटरला किती थेंब हे बाटलीवर वाचावं. प्रत्येक द्रावणाची ताकद वेगळी. नंतर अर्धा तास थांबायचं. सगळी चूक होते ती या अर्ध्या तासात, कारण तहान लागलेली असते. खारेपणा, फ्लोराइड, नायट्रेट मात्र थेंबांनी जात नाहीत.

विहिरीचा हिशेब वेगळा. गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ४ × ४ × ०.७८५ × ३, म्हणजे साधारण ३७.७ घनमीटर, अर्थात ३७,७०० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम धरली तर सुमारे ९५ ग्रॅम लागते. ती कोरडी फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करायची, बादली पाण्याने भरून ढवळायची, दहा मिनिटांत पावडरीतला चुना तळाशी बसला की वरचं द्रावण दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि पोहरा वरखाली करून पाणी हलवायचं. तासभर उपसा बंद.

तासाने जलसुरक्षक, म्हणजे गावातलं पाणी तपासणारा ग्रामपंचायतीचा माणूस, ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करतो. नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही तर मात्रा अपुरी पडली किंवा पावडर शिळी आहे. पोतं उघडं राहिलं, ऊन-दमट हवा लागली की टीसीएलचा जोर उतरतो, आणि मग ९५ ग्रॅम टाकूनही उपयोग शून्य. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, विहिरीत परत ओतायचा नाही.

क्लोरीनच्या वासामुळे मुलं उन्हातून येऊनही दोन घोट पिऊन थांबतात. यावर साधा उपाय: अर्धा तास झाल्यावर भांडं तीन-चार तास नुसत्या फडक्याने झाकून ठेवायचं. वास उडतो, पण त्याबरोबर पाण्याची राखण करणारं क्लोरीनही जातं. असं पाणी एका दिवसापुरतंच काढावं आणि माठात पेला न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावं. एकदा बोटं बुडाली की ते पाणी पुन्हा साधं झालं.