शेलॅनची तीन सेंटची वीज

2017 च्या डिसेंबरात बिटकॉइन या आभासी चलनाचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ पोचला आणि अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या शेलॅन काउंटीत एका वेगळ्याच गिऱ्हाइकांची रीघ लागली. वॉशिंग्टन राज्यातली ही काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेला, म्हणजे पर्जन्यछायेत आहे. 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 79 हजार भरली. आपल्याकडचे कित्येक तालुके यापेक्षा मोठे आहेत. मुख्य गाव वेनॅची, मुख्य धंदा सफरचंदांचा. पण ट्रकमधून मशिनी घेऊन आलेल्या या मंडळींना सफरचंदात रस नव्हता. त्यांचं लक्ष होतं तिथल्या वीजदरावर: घरगुती युनिटला तीन सेंटच्या आसपास. आजच्या हिशेबाने अडीच-पावणेतीन रुपये.

बिटकॉइन ‘काढायचं’ म्हणजे यंत्राकडून अखंड आकडेमोड करून घेऊन ते मिळवायचं. त्या वेळी त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं अँटमायनर एस9 हे यंत्र साधारण 1350 वॉट वीज खातं आणि रात्रंदिवस चालतं. महिन्याला 970 युनिट झाले. अमेरिकेच्या तेव्हाच्या सरासरी घरगुती दराने, म्हणजे 13 सेंटने, त्याचं बिल सव्वाशे डॉलर. शेलॅनमध्ये तीस डॉलरच्या आत. लोकांनी गॅरेजात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रिकाम्या गोदामांत अशी यंत्रं गुपचूप बसवली. घरगुती वस्तीतला ट्रान्सफॉर्मर एका गोष्टीच्या भरवशावर बेतलेला असतो: सगळ्या घरांतले हीटर नि गीझर एकाच वेळी, चोवीस तास चालत नाहीत. रात्री भार उतरतो, ट्रान्सफॉर्मरमधलं तेल थंड होतं. या यंत्रांना रात्रच नाही. तारा आणि ट्रान्सफॉर्मर तापायला लागले. मार्च 2018 मध्ये काउंटीच्या वीजसंस्थेने अशा यंत्रांच्या वीजजोडणीचे नवे अर्ज घेणंच थांबवलं. खरं तर 2014 मध्येही एकदा तिने हेच केलं होतं.

इतकी स्वस्त वीज येते कुठून? ‘धरणातून’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

1930 साली वॉशिंग्टनच्या मतदारांनी एक कायदा सार्वमताने मंजूर केला. त्यामागे शेतकऱ्यांची ग्रेंज ही संघटना होती. खाजगी वीज कंपन्या शहरं उजळत होत्या आणि शेतावर तार ओढायला तयार नव्हत्या. या कायद्याने काउंटीतल्या लोकांना स्वतःची वीजसंस्था काढायचा हक्क मिळाला. अशा संस्थेला पीयूडी म्हणतात: तिचे आयुक्त लोक निवडून देतात आणि नफा वाटून घ्यायला भागधारक नसतात. शेलॅनने 1936 मध्ये आपली पीयूडी स्थापन केली. आज तिच्याकडे तीन जलविद्युत केंद्रं आहेत. शेलॅन सरोवरावरचं छोटं केंद्र 1927 चं. रॉक आयलंड हे कोलंबिया नदीच्या पात्रावर आरपार बांधलेलं पहिलंच धरण, 1933 चं; ते एका खाजगी कंपनीने बांधलं आणि पीयूडीने 1956 मध्ये विकत घेतलं. सगळ्यांत मोठं रॉकी रीच, 1961 मध्ये पुरं झालेलं, 11 टर्बाइनांचं, सुमारे 1300 मेगावॉट क्षमतेचं.

रॉकी रीचचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. तिथे पाणी फक्त 27 मीटरच्या आसपास खाली येतं. एक घनमीटर पाणी इतकं उतरलं की गळती-घर्षण वजा जाता जेमतेम 0.066 युनिट वीज हाती लागते. म्हणजे एका युनिटला पंधरा हजार लिटर पाणी, आपला दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड टँकर. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या बाजूला सुमारे पावणेपाचशे मीटर उतरतं, म्हणून तिथे एक युनिट नऊशे लिटरच्या आत निघतं. उंचीत कोयनेने केव्हाच बाजी मारली आहे. कोलंबियाचं बळ पाण्याच्या लोंढ्यात आहे. सेकंदाला सरासरी तीन हजार घनमीटर पाणी रॉकी रीचपाशी येतं. प्रत्येक सेकंदाला दोनशे युनिटांच्या आसपास. रॉकीज पर्वतावरचं बर्फ वितळून हे पाणी येतं, आणि वरच्या अंगाला कॅनडातली धरणं व ग्रँड कूली हे अजस्र धरण ते अडवून, जपून सोडतात. रॉकी रीचकडे स्वतःचा साठा असा जवळपास नाहीच. आलेलं पाणी फिरवायचं आणि पुढे सोडायचं.

कोयनेत प्रश्न येतो तो पाणी किती वळवायचं याचा, कारण पश्चिमेला सोडलेला थेंब कृष्णेच्या खोऱ्याला परत मिळत नाही. रॉकी रीचमधून गेलेलं पाणी खालच्या धरणात पुन्हा तेच काम करतं, तिथून पुढच्या धरणात पुन्हा. नदीच्या या टप्प्यातली धरणं म्हणूनच तासातासाचं वेळापत्रक आपसांत जुळवून चालवली जातात.

आता उरलेलं अर्धं उत्तर. पाणी फुकट असलं तरी धरण, टर्बाइन, तारा, माणसं फुकट नसतात. ही धरणं साठ-नव्वद वर्षांपूर्वीच्या पैशांत बांधली गेली आणि मूळ बांधकामाचं कर्ज फिटून गेलं आहे. शिवाय तिन्ही केंद्रांची वीज मिळून काउंटीच्या गरजेच्या चार-पाच पट भरते. शेलॅनला त्यातला चौथा-पाचवा हिस्सा पुरतो, बाकीची विकली जाते: काही लांब मुदतीच्या करारांनी, काही घाऊक बाजारात. सिएटलच्या बाजूची प्युजेट साउंड एनर्जी ही वीज कंपनी मोठी जुनी गिऱ्हाईक. या टापूतल्या विजेच्या घाऊक व्यवहारांना ‘मिड-कोलंबिया’ नावाचा स्वतंत्र भावच आहे, जसा कांद्याचा लासलगावचा भाव असतो. या विक्रीतून आलेला पैसा पीयूडी घरच्या दरात मुरवते. घरापर्यंत युनिट पोचवायला प्रत्यक्षात जो खर्च येतो, त्याहून कमी दर ती स्थानिकांना लावते. 2020 पासून दर वर्षी तीन टक्क्यांची वाढ सुरू झाली. तरी 2023 मध्ये अमेरिकेची सरासरी 16 सेंट असताना शेलॅनमधलं युनिट तीन-साडेतीन सेंटलाच होतं.

तीन सेंट हा त्या युनिटचा भाव नाहीच. ती काउंटीने आपल्या माणसांना दिलेली सवलत आहे, आणि तिचा खर्च बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून निघतो. हे ध्यानात आलं की बिटकॉइनवाल्यांना अडवण्यामागचं कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं होतं हेही दिसतं. एखाद्या गोदामात महिन्याला दहा लाख युनिट खपले, तर तेवढे घाऊक बाजारात विकायचे राहिले. त्या विक्रीवरच सगळ्यांची सवलत उभी. खाणारे वाढले की सवलतीचा पाया आपोआप खचतो. म्हणून पीयूडीने डिसेंबर 2018 मध्ये बिटकॉइनसारखी चलनं काढणाऱ्यांसाठी बाजारभावाशी जोडलेला वेगळाच दर मंजूर केला. तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. लोकांच्या मालकीच्या संस्थेने दारात आलेल्या कुणालाही मालकांचा भाव का द्यावा?

उत्सर्जनाचंही अगदी असंच होतं, आणि इथे भलेभले घसरतात.

जलविद्युत केंद्रात काही जळत नाही. सिमेंट, पोलाद आणि जलाशयातून निघणारे वायू असं सगळं आयुष्यभराचं धरून हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, दिलेला मध्यांक युनिटला 24 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका आहे. वायूवरच्या केंद्राचा 490, कोळशाचा 820. उष्ण कटिबंधातल्या जलाशयांत बुडालेलं जंगल कुजून मिथेन निघतो आणि आकडा खूप वर जाऊ शकतो. कोलंबियाचं पात्र अरुंद, पाणी गार नि वाहतं, तिथे ती भीती कमी. भारताच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम उत्सर्जन होतं, हे शेजारी ठेवून पाहा. पुण्या-मुंबईच्या बाजारात स्टिकर लावलेली जी वॉशिंग्टन सफरचंदं दिसतात, ती काढणीनंतर महिनोन्‌महिने प्राणवायू अगदी कमी केलेल्या शीतगृहांत ठेवलेली असतात. वेनॅचीच्या परिसरातली अशी शीतगृहं याच विजेवर चालतात. जहाजाचा धूर वेगळा मोजावा लागेल, पण त्या थंडाव्याचा धूर जवळपास नाही.

मग शेलॅनमध्ये बसवलेलं अँटमायनर ‘स्वच्छ’ का? सरासरीने मोजलं तर महिन्याला 970 युनिट गुणिले 24 ग्रॅम, म्हणजे 23 किलो. पण नदीत पाणी तेवढंच आहे. यंत्र लागलं म्हणून रॉकी रीचने एक घनमीटरही जास्त फिरवलं नाही. ते 970 युनिट जे प्युजेट साउंडच्या किनाऱ्याकडे किंवा कॅलिफोर्नियाकडे जायचे, ते गेले नाहीत. तिकडे दिवे थोडेच विझले? बहुतेक वेळा वायूवर चालणाऱ्या एखाद्या केंद्राने थोडा जास्त वायू जाळला. वॉशिंग्टनच्या कायद्यात उगम माहीत नसलेल्या बाजारातल्या विजेसाठी धरायचा ठोकळ आकडा आहे, मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 0.437 टन. त्याने मोजलं तर तेच यंत्र महिन्याला चारशे किलोच्या वर जातं. यंत्र तेच, तार तीच, धरण तेच. 23 किलो आणि चारशे किलो.

पहिला आकडा सांगतो, आज काउंटीच्या वाट्याला किती धूर येतो. दुसरा सांगतो, आणखी एक युनिट खर्चल्याने जगात किती वाढतो. काउंटीला तिच्या कामाची पावती द्यायची तर पहिला बरोबर. नवा कारखाना आणावा का हे ठरवायचं तर दुसरा. कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांत बहुधा पहिला छापलेला दिसतो, यात नवल नाही.

अर्थात दुसराही नेहमी चारशे राहत नाही. मे-जूनमध्ये बर्फाचा पूर येतो, तेव्हा या पट्ट्यात इतकी वीज होते की मिड-कोलंबियाचा भाव कधी कधी शून्याखाली जातो आणि पाणी टर्बाइनला वळसा घालून सांडव्यावरून सोडून द्यावं लागतं. त्या रात्री वापरलेल्या जास्तीच्या युनिटने कुणाचाच धूर वाढत नाही. उलट जानेवारीच्या कडाक्यात, नदी रोडावलेली आणि घरोघरी विजेचे हीटर लागलेले असताना, प्रत्येक युनिट कुठल्या तरी वायूच्या नाहीतर कोळशाच्या केंद्रापर्यंत जाऊन पोचतं. जानेवारी 2024 च्या थंडीत हा सगळा वायव्य भाग बाहेरून वीज आयात करत होता. तापमान वाढलं तसं बर्फ लवकर वितळायला लागलं आहे, त्यामुळे वर्षातलं हे पाण्याचं वेळापत्रकही सरकतं आहे.

सांडव्यावरून पाणी सोडायचं आणखी एक कारण म्हणजे सामन मासे. समुद्राकडे निघालेली पिल्लं टर्बाइनमधून गेली तर त्यातली काही मरतात. रॉकी रीचला 2003 पासून पिल्लांसाठी वेगळी वाट बांधलेली आहे, आणि 50 वर्षांच्या करारानुसार माशांचं निव्वळ नुकसान शून्यावर आणायचं बंधन आहे. माशांसाठी सोडलेल्या पाण्यातून युनिट निघत नाही. कार्बनच्या हिशेबात या खर्चाला रकानाच नसतो.

शेजारच्या ग्रँट काउंटीचं पाहिलं तर पुढचा अंक दिसतो. तिथल्या क्विन्सी गावात 2006-07 पासून डेटा सेंटरं यायला लागली, मायक्रोसॉफ्ट पहिल्यांपैकी. ग्रँटच्या पीयूडीकडेही कोलंबियावरची दोन मोठी धरणं, वानापम आणि प्रीस्ट रॅपिड्स. मागणी इतकी वाढली की आता स्वस्त पाण्याची वीज पुरत नाही, बाहेरून घ्यावी लागते. आणि बाहेरून घेतलेली वीज कागदावर ‘उगम अज्ञात’ म्हणून येते. धरणं दारात असलेल्या काउंटीच्या पत्रकात असा रकाना दिसावा! शिवाय वीज गेली तर लागतील म्हणून गावात शेकडो डिझेल जनरेटर बसले. ते एरवी बंद असतात, पण चाचणीसाठी अधूनमधून चालवावे लागतात, आणि डिझेलची काजळी ग्रिडच्या कुठल्याही सरासरीत मिसळत नाही. ती क्विन्सीतच राहते. राज्याच्या पर्यावरण खात्याला परवाना देण्याआधी तिचा आरोग्यावरचा परिणाम वेगळा तपासावा लागतो.

शेलॅननेही मोठं गिऱ्हाईक पाहिलेलं आहे. वेनॅचीजवळ मलागाला 1952 पासून अल्कोआचा ॲल्युमिनियमचा कारखाना होता. एक किलो ॲल्युमिनियम वितळघरातून काढायला 13 ते 15 युनिट लागतात, त्यामुळे असे कारखाने नदीच्या मागे मागे फिरतात. 2015 च्या अखेरीस तो थांबला आणि 2021 मध्ये कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं. त्याच मलागात आता मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरं उभी राहताहेत, आणि हेलियन नावाची कंपनी 2025 पासून ओरायन हे अणुसंमीलनाचं, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा काढायचं, केंद्र बांधते आहे. करार असा की 2028 पासून त्याने मायक्रोसॉफ्टला वीज द्यायची, किमान 50 मेगावॉटचं लक्ष्य धरून. जगात आजवर कुणीही संमीलनातून ग्रिडला वीज दिलेली नाही, तेव्हा ही तारीख मी तरी जपूनच वाचतो. ती हुकली तर ते 50 मेगावॉट येणार याच बाजारातून, आणि कुठल्या आकड्याने मोजायचे हा वाद पुन्हा उभा राहील. रॉक आयलंड धरण चालवायचा परवानाही 2028 च्या अखेरीस संपतो आहे.