खासगीची दालने आणि पाहुण्यांच्या खोल्या

खासगीची दालने : राज्यकर्त्याच्या निवासस्थानातला तो भाग, जिथे दरबार भरत नाही, फायली येत नाहीत आणि चोपदाराची ललकारी पोचत नाही. राजा असो वा राष्ट्रपती, इथे तो घरचा माणूस म्हणून वावरतो. झोपायच्या खोल्या, जेवणघर, देवघर, मुलांचा पसारा, म्हाताऱ्या माणसांची औषधे, सगळे या बाजूला. पाहुण्यांच्या खोल्यांची जागा मात्र चमत्कारिक असते. त्या घराच्या आत असतात, पण घरच्यांच्या नसतात. सरकारी खर्चाच्या असतात, पण कचेरी नसतात. या नोंदीत कोल्हापूर मुख्य धरले आहे. वॉशिंग्टनचे व्हाइट हाउस आणि दिल्लीचे राष्ट्रपती भवन तुलनेपुरते येतील. दिल्लीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरलेला नाही.

शब्दाचे मूळ अरबी ‘खास’मध्ये आहे. ‘खासा’ म्हणजे खुद्द धनी. ‘खासा स्वारी’ म्हटले की स्वतः राजा निघालेला असतो. त्यावरून आलेल्या ‘खासगी’चा अर्थ धन्याच्या घरचा कारभार. मराठेशाहीत राज्याचा आणि घरचा जमाखर्च वेगळा ठेवण्याची पद्धत होती. याचे सर्वांत ठळक उदाहरण होळकरांचे. १७३४ मध्ये मल्हाररावांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावे खासगीचा सरंजाम वेगळा काढण्यात आला. पुढे अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-मंदिरांमागे याच खासगीचा पैसा होता. होळकरांच्या कागदांत ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी सरळ दोन नावे आहेत. म्हणजे खासगी ही आधी वहीत आखलेली रेघ, भिंत त्यानंतरची. ही गोष्ट राजवाडे पाहताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण भिंत दिसते आणि वही दिसत नाही.

घरकारभाराची विभागणी ‘अठरा कारखान्यां’त असे. जामदारखान्यात कपडालत्ता, फरासखान्यात तंबू-जाजमे, आबदारखान्यात पिण्याचे पाणी, आणि स्वयंपाकाचा मुदपाकखाना. मूळ शब्द अरबी ‘मतबख’, त्याचे ‘मुदबख’ झाले. मग कुणाला तरी त्यात ‘पाक’ ऐकू आला आणि मुदपाकखाना कायमचा रूढ झाला. पाहुणा आला की यातले निम्मे कारखाने हलत. बसायला जाजम फरासखान्याचे, पाणी आबदारखान्याचे, जेवण मुदपाकखान्याचे, निरोपाचा पोशाख जामदारखान्याचा. पाहुण्याची खोली म्हणजे चार भिंती कमी आणि ही यंत्रणा जास्त.

राजवाड्याचा हा नकाशा समजायला कोल्हापूरकडचे साधे घर पुरते. रस्त्याला लागून सोपा, त्याच्या आत माजघर, त्याच्याही आत स्वयंपाकघर आणि देव. व्यापारी, भाऊबंद, वर्गणीवाले सोप्यात बसतात. सोयरा आला तर पाण्याचा तांब्या बाहेर येतो, मग चहा, आणि बाहेरच्या बाहेर खुशाली विचारून होते. ‘आत चला, ताटं वाढल्यात’ अशी हाक आली की माणूस उंबरा ओलांडतो. रात्री माळ्यावरच्या गाद्या निघतात, पाहुण्यांचे अंथरूण सोप्यात पडते आणि घरची पोरे जागा मिळेल तिथे पांगतात. वेगळी ‘गेस्टरूम’ ही अलीकडची, फ्लॅटमधली गोष्ट. जुन्या घरात सोपाच दिवसा कचेरी आणि रात्री पाहुण्यांची खोली असे.

कसबा बावड्याच्या वाटेवरचा नवा राजवाडा हा याच नकाशाचा अवाढव्य अवतार. बांधकाम १८७७ ते १८८४ या काळातले. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याचाच. मँट १८८१ मध्ये वारला, त्यामुळे पुरा झालेला राजवाडा त्याने पाहिला नाही. काळ्या घोटीव दगडात त्याने जैन मंदिरांचे खांब, गुजरात-राजस्थानकडच्या कमानी आणि घुमट, आणि मधोमध विलायती घड्याळाचा अष्टकोनी मनोरा असे सगळे एकत्र मांडले आहे. दरबार हॉल दोन मजले उंच आहे. बाजूच्या कमानींत रंगीत काचा असून त्यांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातले प्रसंग आहेत. वर कोरीव हस्तांवर पेललेले ओतीव लोखंडाचे सज्जे आणि एका टोकाला सिंहासन. हा झाला सोपा. राहती दालने वरच्या मजल्यावर.

वाडा पुरा झाला त्याच साली, १७ मार्च १८८४ रोजी, कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले. त्यांचा जन्म जवळच, कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. म्हणजे नव्या घरात आलेला नवा वारस दहा वर्षांचाही नव्हता. अधिकारसूत्रे हाती यायला १८९४ साल उजाडले. कुटुंबाचे राहणे नव्या राजवाड्यात गेले तरी भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा सुटला नाही. कुलदेवतेचे ठाणे तिथेच राहिले, दसऱ्याचा मानही तिथलाच. एका घराचे देवघर एका पेठेत आणि झोपायच्या खोल्या दुसरीकडे, अशी ही वाटणी आजतागायत टिकून आहे.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ मध्ये माजी राजांचे तनखे बंद झाले, आणि १९७४ मध्ये नव्या राजवाड्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम सुरू झाले. शस्त्रे, हौदे, पोशाख, चांदीचे काम, पेंढा भरलेले वाघ-बिबटे हे सारे तिकीट काढून पाहता येते. कुटुंब वर राहते. एका जिन्याच्या खाली कोल्हापूरचा इतिहास आणि वर कोल्हापूरचे एक चालते घर, असा हा प्रकार आहे. सहलीला आलेली शाळेची पोरे वाघाच्या जबड्यासमोर घोळका करतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर कुणाचा तरी दुपारचा चहा होत असेल हे त्यांच्या गावीही नसते. तळमजल्यावर जे मांडले आहे त्यातला बराच ऐवज एके काळी खासगीचाच. घरातल्या वस्तूला काचेचे कपाट मिळाले की तिची खासगी संपते.

पाहुणा कोण, आणि त्याला कुठवर घ्यायचे, हा प्रश्न त्या काळी जिन्या-दारांवर सुटत नसे. तो जातीवर अडत असे. राजवाड्याच्या पागेत चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून बरोबरीच्या नोकरांनी त्यांना मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळे यांना चाकरीतून मोकळे करून हॉटेल घालायला पैसे दिले. ‘सत्यसुधारक’ नावाचे ते चहाचे हॉटेल भर शहरात निघाले, आणि महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. राजवाड्याच्या आवारातले पाणी ज्याला वर्ज्य, त्याच्याच दुकानी राजा पाहुणा. महाराजांच्या सोबत असलेल्या मानकऱ्यांनाही मग तोच कप तोंडाला लावावा लागे. दालनांच्या इतिहासात ही गोष्ट कशाला, असे कुणी विचारील; पण कोणत्या दालनात कुणी पाय ठेवायचा हे जर दालनाचे लक्षण असेल, तर नव्या राजवाड्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची खोली राजवाड्याबाहेर होती.

संस्थानचे सगळे पाहुणे वाड्यात उतरत असेही नाही. मल्ल तालमीत राहत. भवानी मंडपाजवळच्या मोतीबाग तालमीचे नाव त्यात पहिले. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई दरबारच्या आश्रयाला आला आणि कोल्हापूरकरच होऊन गेला. आणि खेड्यापाड्यांतून शिकायला येणारी मुले, ज्यांना शहरात कुणी भाकरतुकडा घालत नव्हते, त्यांच्यासाठी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग एकेका समाजाची बोर्डिंगे निघत गेली आणि कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणू लागले.

रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ मधला, राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा. १९८७ मध्ये त्याचे हॉटेल झाले. घरच्यांच्या खोल्या पाहुण्यांना, तेही भाड्याने. पुढे तेही बंद पडले. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्यांना तो पलीकडच्या काठावरून दिसतो, एवढाच आता त्याचा लोकांशी संबंध.

आजच्या कोल्हापुरात सरकारी पाहुण्यांची सोय शासकीय विश्रामगृहात होते. लोकांच्या तोंडी ते ‘सर्किट हाऊस’च. मंत्री आले की त्यांचा मुक्काम तिथल्या सूटमध्ये, आणि सकाळपासून व्हरांड्यात निवेदने घेऊन उभी असलेली माणसे. इथे खासगीची रेघ सूटच्या दारावर असते, आणि ते दार कुणासाठी उघडते यावर गावातले बरेच राजकारण ओळखता येते. मुंबईत मलबार हिलवर तर राज्यपालांच्या निवासस्थानाची इमारतच वेगळी, ‘जलभूषण’. दरबार हॉल त्याच आवारात स्वतंत्र उभा.

व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षाचे कुटुंब दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहते. शंभर वर्षे तिथे घर आणि कचेरी एकाच मजल्यावर होती. थिओडोर रूझवेल्ट सहा मुलांना घेऊन राहायला आले, तेव्हा ते जमेना. १९०२ मध्ये बाजूला वेस्ट विंग बांधून कचेरी बाहेर काढली गेली. पोराबाळांच्या दंग्याने राज्यकारभाराला जागा बदलावी लागली, असा हा दुर्मीळ प्रसंग. पाहुण्यांच्या खोल्यांपैकी प्रसिद्ध म्हणजे लिंकन बेडरूम. गंमत अशी की तिथे लिंकन झोपत नसत. ती त्यांची कामाची खोली होती, आणि गुलामांच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्यावर १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी तिथेच सही केली. परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने १९४२ मध्ये रस्त्यापलीकडचे ब्लेअर हाउस विकत घेतले. आणखी एक रीत इथे नोंदवण्याजोगी आहे : अध्यक्षाच्या कुटुंबाच्या रोजच्या जेवणाखाण्याचे आणि इतर खासगी गोष्टींचे बिल महिन्याला अध्यक्षाकडे जाते. सरकारी मेजवान्या सरकारच्या, घरची भाजीपोळी घरची. दौलत आणि खासगी ही जुनी मराठी वाटणी ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

दिल्लीचे राष्ट्रपती भवन एडविन ल्युटेन्स याने व्हाइसरॉयसाठी बांधले. १९१२ मध्ये सुरू झालेले काम १९२९ मध्ये पुरे झाले, खोल्या ३४०. जून १९४८ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून तिथे राहायला आले आणि व्हाइसरॉयचे शयनगृह पाहून त्यांना अवघडल्यासारखे झाले. ते बाजूच्या लहान खोल्यांत राहिले. पुढे राजेंद्र प्रसादांपासूनच्या राष्ट्रपतींनी तोच पायंडा चालवला. राष्ट्रपतींचे कुटुंब आज ज्या भागात राहते तो असा निवडलेला आहे, आणि व्हाइसरॉय व त्याच्या पत्नीची दालने ‘द्वारका’ आणि ‘नालंदा’ या नावांनी परदेशी राष्ट्रप्रमुखांसाठी ठेवलेली आहेत. मालकाची खोली पाहुण्याला आणि मालक आडोशाला. सोप्यातल्या पोरांना गाद्या उचलून पांगवणाऱ्या कोल्हापूरच्या घरात याहून वेगळे काय होते? तरी अलीकडे पाहुण्यांचे लवाजमे एवढे वाढलेत की बरेचसे राष्ट्रप्रमुख हॉटेलातच उतरतात.

या भिंतीतली वही एकदा सर्वांना दिसली. ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना, मे २००६ मध्ये, त्यांचे पन्नासएक नातेवाईक रामेश्वरमहून दिल्लीला आले आणि आठवडाभर राष्ट्रपती भवनात राहिले. हे पाहुणे राष्ट्राचे नव्हेत, माझे आहेत, अशी कलामांची भूमिका. फिरायला सरकारी गाडी वापरली नाही. मुक्काम संपल्यावर खोल्यांचे भाडे आणि जेवणाचा खर्च, अगदी चहाच्या कपापर्यंत, हिशोब मांडला गेला. रक्कम साडेतीन लाखांच्या वर गेली आणि कलामांनी ती स्वतःच्या पैशांतून भरली. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी ही हकिकत पुढे लिहून ठेवली. आपल्याकडे सोयऱ्याच्या चहाचे कप मोजले तर वर्षभर बोलणे बंद होईल. कलामांनी कप मोजले खरे, पण बिल पाहुण्यांकडे गेले नाही. ते राष्ट्रपती भवनाकडून निघाले आणि राष्ट्रपती भवनातच, दोन-चार दारे ओलांडून, खासगीकडे पोचते झाले.